हौसेचा सर्व्हर आणि कायद्याची बाजू

गोव्यात गावोगावी जत्रेला नाटक करणारी मंडळं आहेत. समजा, फोंडा आणि डिचोलीकडच्या अशा चार तरुणांनी ठरवलं की गोव्यातल्या मराठी रंगकर्मींसाठी इंटरनेटवर आपली स्वतःची एक जागा असावी. फेसबुक-ट्विटरसारखा मंच स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मास्टोडॉन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचा कोड सर्वांना खुला आहे, भाड्याचा छोटा सर्व्हर परवडतो. एकाने मांडणी केली, दुसऱ्याने मराठी भाषांतरातल्या चुका सुधारल्या, उरलेले दोघे सभासदांना आत घेऊ लागले. जाहिराती नाहीत, वर्गणी ऐच्छिक, पगार कोणालाच नाही. दोन-तीनशे माणसं जमली, तालमींच्या वेळा तिथे ठरू लागल्या, जुन्या संहितांची देवाणघेवाण सुरू झाली.

मग एका सभासदाने लिहिलं की अमुक मंडळाच्या खजिनदाराने पैसे खाल्ले. नावासकट. खजिनदार पोलीस ठाण्यात गेला. लिहिणारा जबाबदार आहे, हे उघडच आहे. पण त्या चौघांचं काय?

यावर आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकू येतात. ‘आम्ही स्वयंसेवक, आमचा काय संबंध’ हे एक, आणि ‘नसती भानगड, बंद करून टाका’ हे दुसरं. दोन्ही चूक आहेत. दुसरं मला जास्त खटकतं, कारण त्यामुळे मराठीत आणि कोकणीत आपापसांत बोलायच्या जागा पुन्हा दूरच्या कंपन्यांच्याच हाती जातात. हौशी माणसालाही कायद्याने संरक्षण दिलं आहे. ते अटींवर मिळतं, आणि त्या अटी चार माणसांना पाळता येण्यासारख्या आहेत.

कोड लिहिणारा वेगळा, सर्व्हर चालवणारा वेगळा

पहिला फरक हाच. भाषांतर सुधारणारा किंवा एखादा दोष दुरुस्त करून कोड पाठवणारा विकासक त्या सॉफ्टवेअरवर जगभरात कोण काय लिहितं याला जबाबदार नसतो. मास्टोडॉनचा परवाना म्हणजे एजीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की सॉफ्टवेअर कोणत्याही हमीशिवाय दिलं जातं. त्याच परवान्यात एक उलटी अटही आहे. तुम्ही कोडमध्ये बदल करून तो सर्व्हरवर चालवलात, तर तुमच्या वापरकर्त्यांना बदललेला कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने मास्टोडॉनचा कोड वापरला, पण तो खुला केला नव्हता. आक्षेप घेतला गेला आणि त्यांना तो प्रसिद्ध करावा लागला. गोव्यातल्या चौघांनाही हाच नियम आहे.

नोकरी करणाऱ्या विकासकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीचं काम म्हणून केलेल्या निर्मितीवर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क असतो. तुमच्या नेमणूकपत्रात याहून व्यापक अट असू शकते. ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेळेत लिहिलेला कोड खुल्या प्रकल्पाला देण्याआधी ते पत्र एकदा काढून वाचा.

सर्व्हर चालवणाऱ्याची गोष्ट निराळी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये ‘मध्यस्थ’ नावाची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या वतीने त्याचा मजकूर घेणारा, साठवणारा किंवा पुढे पाठवणारा तो मध्यस्थ. या व्याख्येत दूरसंचार कंपन्या आहेत, सर्च इंजिनं आहेत, आणि सायबर कॅफेसुद्धा आहे. म्हणजे धंदा किती मोठा, नफा होतो का, पगार मिळतो का, हे कायदा विचारतच नाही. मजकूर तुमच्या ताब्यातल्या यंत्रावर राहतो आणि तो काढायची कळ तुमच्या हातात आहे, एवढ्यानेच तुम्ही मध्यस्थ ठरता.

संरक्षण कसं मिळतं

गावच्या वाचनालयाबाहेर एक फळा आहे असं समजा. रात्री कोणी त्यावर चिठ्ठी चिकटवून गेलं, तर ग्रंथपालाला दोष देता येत नाही. पण ग्रंथपालानेच ती चिठ्ठी निवडून वर ठळक लावली, किंवा ती काढण्याचा न्यायालयाचा हुकूम आल्यावरही तशीच ठेवली, तर प्रश्न त्याच्यावर येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ हेच सांगतं. मजकूर तुम्ही सुरू केलेला नसावा, कोणाला पाठवायचा ते तुम्ही ठरवलेलं नसावं, त्यात तुम्ही फेरफार केलेला नसावा, आणि योग्य ती दक्षता घेतलेली असावी. मग दुसऱ्याच्या लिहिण्याची शिक्षा तुम्हाला होत नाही.

हे कलम आजच्या रूपात येण्यामागे एक अटक आहे. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. पुढे २००८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मध्यस्थांचं संरक्षण रुंदावलं. त्यानंतरचा मोठा टप्पा श्रेया सिंघल खटल्याचा. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ, म्हणजे इंटरनेटवर आक्षेपार्ह लिहिण्याला शिक्षा देणारं कलम, रद्द केलं. गोव्याला हे कलम परकं नव्हतं. २०१४ च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवरच्या लिखाणावरून इथल्याच एका तरुण अभियंत्यावर ते लावलं गेलं होतं. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की मध्यस्थाला मजकुराची ‘प्रत्यक्ष जाणीव’ झाली असं धरायचं, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हवी. नाहीतर कोणीही उठून तक्रार करेल आणि प्रत्येक तक्रारीचा न्यायनिवाडा चालकाला करत बसावं लागेल.

म्हणजे खजिनदाराचा संतापलेला ईमेल आला म्हणून चौघे लगेच गुन्हेगार होत नाहीत. मात्र ईमेलकडे दुर्लक्षही करता येत नाही. त्याचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील.

व्हॉट्सॲपच्या ॲडमिनचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की संगनमत किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाच्या मजकुरासाठी ग्रुप ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात येतं, त्यामुळे हा निकाल आपल्यालाही महत्त्वाचा आहे. पण त्यामागचं कारण नीट वाचावं. ग्रुप ॲडमिनला माणसं घेता-काढता येतात, पण सभासद काय टाकणार यावर त्याचं नियंत्रण नसतं, असं न्यायालयाने मानलं. मास्टोडॉनच्या चालकाकडे कितीतरी जास्त आहे. पोस्ट काढणं, खातं गोठवणं, आयपी पत्ता पाहणं, अख्खा डेटाबेस उघडणं, सगळंच. तेव्हा ‘व्हॉट्सॲपवाल्याला सोडलं, आपल्यालाही सोडतील’ असं धरून चालू नका.

अनेकांना उलटी भीतीही वाटते. आपण पोस्ट तपासू लागलो, काही काढल्या, तर आपण संपादक ठरू आणि संरक्षण जाईल. २०२१ च्या नियमांनी ही शंका मिटवली आहे. नियमांत बसणाऱ्या कारणासाठी स्वतःहून किंवा तक्रारीवरून मजकूर काढल्याने कलम ७९ चं संरक्षण जात नाही. तेव्हा शिवीगाळ बिनधास्त काढा.

दक्षता म्हणजे नेमकं काय

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या मध्यस्थविषयक नियमांत याचं उत्तर आहे. वर्तमानपत्रांत गाजलेल्या अटी, म्हणजे मुख्य अनुपालन अधिकारी, दरमहा अहवाल, संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देणं, या भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांना आहेत. आपल्या चौघांना नाहीत.

पण उरलेले नियम दोनशे सभासदांच्या सर्व्हरलाही तसेच लागू होतात, आणि माझा आक्षेप इथेच आहे. हजारो कर्मचाऱ्यांच्या कंपनीला आणि नोकरी सांभाळून रात्री सर्व्हर पाहणाऱ्या मुलाला एकच घड्याळ लावणं न्याय्य नाही. न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानंतर मजकूर काढायला २०२१ मध्ये ३६ तास होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते ३ तासांवर आले. कोणाचे नग्न किंवा खासगी क्षणांचे फोटो टाकल्याची तक्रार त्या व्यक्तीने केली तर आधी २४ तास मिळत, आता २. पीडित बाईच्या बाजूने पाहिलं तर हे दोन तासही लांबच वाटतील, आणि ते मला पटतं. म्हणून अशा तक्रारीसाठी तरी रात्री-अपरात्री कोणाचा तरी फोन वाजला पाहिजे. दोघेतिघे आळीपाळीने जागते राहिले तर हे जमतं. एकटा माणूस सर्व्हर चालवत असेल तर जमत नाही, आणि एकट्याने तो चालवू नये असं मी सांगतो त्याचं मुख्य कारण हे.

तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. नाव भारदस्त आहे, पण तो चौघांतलाच एक असू शकतो. त्याचं नाव आणि संपर्क सर्व्हरवर ठळक दिसला पाहिजे, तक्रारीची पोच २४ तासांत गेली पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत ती निकालात निघाली पाहिजे. सर्व्हरचे नियम आणि गोपनीयतेचं धोरण लिहून लावायचं, दर तीन महिन्यांतून एकदा तरी सभासदांना त्याची आठवण द्यायची. आदेशावरून किंवा तक्रारीवरून काढलेला मजकूर १८० दिवस जपून ठेवायचा, आणि खातं बंद केलेल्या सभासदाची नोंदणीची माहितीही १८० दिवस. शिवाय सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हर फोडला गेल्याचं कळल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवसांचे ठेवावे लागतात. सर्व्हर जर्मनीत भाड्याने घेतलाय म्हणून यातलं काही टळत नाही. चालवणारी माणसं आणि वापरणारी माणसं इथेच आहेत.

पोलिसांकडून विचारणा येते तेव्हा तरुण मुलं घाबरतात, आणि घाबरून दोनपैकी एक चूक करतात. सगळा डेटा देऊन टाकतात, किंवा फोनच उचलत नाहीत. तपासासाठी माहिती मागणारा आदेश लेखी असतो आणि त्यात कारण नमूद असावं लागतं. माहिती द्यायला ७२ तास मिळतात. मजकूर काढण्याचा सरकारी आदेश असेल तर २०२५ च्या दुरुस्तीनंतर तो किमान सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडून, आणि पोलिसांचा असेल तर खास अधिकार दिलेल्या, किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून यावा लागतो, कायद्याचा आधार आणि नेमकी लिंक देऊन. साध्या फोनवर नम्रपणे ‘साहेब, लेखी पाठवा, लगेच पाहतो’ एवढं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. लेखी आल्यावर मागितलं तेवढंच द्या, आणि काय दिलं याची नोंद ठेवा. मजकूर रोखण्याचा कलम ६९अ खालचा आदेश मात्र हलक्यात घेऊ नका. तो न पाळणाऱ्या मध्यस्थाला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुम्ही न मागवलेला मजकूर तुमच्या डिस्कवर

मास्टोडॉनसारख्या जोडलेल्या सर्व्हरांचा सर्वांत अवघड प्रश्न बदनामीचा नाही. तुमचा सभासद जपानमधल्या किंवा ब्राझीलमधल्या एखाद्या सर्व्हरवरच्या कोणाला फॉलो करू लागला, की तिथल्या पोस्टी आणि फोटोंच्या प्रती आपोआप तुमच्या सर्व्हरवर येऊन साठतात. सॉफ्टवेअर वेगवान चालावं म्हणून ही सोय आहे. पण कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्र असेल, तर त्याची प्रत तुमच्या डिस्कवर बसू शकते, आणि तुम्हाला ठाऊकही नसतं.

ही केवळ कल्पना नाही. जुलै २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा जोडलेल्या सर्व्हरांवरच्या सव्वातीन लाख पोस्टी दोन दिवस तपासल्या. आधीच ओळखल्या गेलेल्या शोषणाच्या चित्रांशी जुळणारी ११२ चित्रं त्यांना सापडली.

कायदा इथे सर्वांत कडक आहे, आणि असायलाच हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब खाली पहिल्याच दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाच गुन्हा. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा मजकूर साठवून ठेवण्याबाबतची पळवाट बंद केली, आणि मध्यस्थांना बजावलं की पॉक्सोची कर्तव्यं पाळल्याशिवाय कलम ७९ चं संरक्षण मागता येणार नाही. नुसतं काढून टाकलं म्हणजे झालं, असं नाही. कळवायचंही असतं.

मग करायचं काय? दुसऱ्या सर्व्हरवरून आलेल्या फोटोंच्या प्रती किती दिवस ठेवायच्या याची मुदत मास्टोडॉनमध्ये ठरवता येते, ती कमीत कमी ठेवा. ज्या सर्व्हरांचा लौकिक वाईट आहे त्यांना पूर्ण बंद करा, किंवा निदान त्यांची चित्रं नाकारा. हे दोन्ही पर्याय चालकाच्या पानावर आहेत. नोंदणी मंजुरीशिवाय खुली ठेवू नका. आणि असं चित्र दिसलंच, तर त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, सोबत्यांना ‘हे बघ’ म्हणून पाठवू नका, कारण पाठवणं हाही गुन्हाच आहे. लिंक, खातं, वेळ लिहून घ्या, ते चित्र सर्वांच्या नजरेआड करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात कळवा. दिलेल्या तक्रारीची पोच जपून ठेवा. पुढे कधी कोणी विचारलं, तर तुम्ही वेळेवर कळवलं होतं याचा तोच पुरावा.

सभासदांची माहिती

मास्टोडॉनवरचे खासगी संदेश चालकाला वाचता येतात. ते एन्क्रिप्ट केलेले नसतात. हे सभासदांना आधीच सांगा. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिवा या मास्टोडॉन सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर एफबीआयचा छापा पडला, तोही सर्व्हरशी संबंध नसलेल्या प्रकरणात. जप्त झालेल्या वस्तूंत सर्व्हरच्या डेटाबेसची उघडी प्रत होती. हजारो लोकांचे ईमेल आणि संदेश एका माणसाच्या घरातल्या डिस्कसोबत गेले. बॅकअप कुलूपबंद ठेवायचा, आणि गरजेपेक्षा जास्त माहिती मुळात गोळाच करायची नाही, हे तिथून शिकण्यासारखं.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य कर्तव्यं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. वैयक्तिक किंवा घरगुती वापराला सूट आहे, पण तीनशे अनोळखी माणसांची खाती सांभाळणं घरगुती म्हणता येणार नाही. संरक्षणात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हौशी गटावर एवढा दंड बसेल असं मला वाटत नाही, कारण रक्कम ठरवताना कसुरीचं गांभीर्य पाहायचं असतं. तरी एक अट नाट्यमंडळांना थेट लागते. १८ वर्षांखालच्या मुलाचं खातं उघडायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी. बालनाट्यातली मुलं सर्व्हरवर येणार असतील तर पालकांचंच खातं असू द्या.

नाटकाचं चित्रीकरण टाकण्याबद्दल थोडक्यात. लेखकाची, संगीतकाराची परवानगी नसताना टाकलेल्या प्रयोगावर हक्कदाराची लेखी तक्रार आली, तर कॉपीराइटच्या नियमांनुसार ३६ तासांत तो बंद करावा लागतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर पुन्हा खुला करता येतो.

चौघांचं नातं कागदावर

‘आमची संस्थाच नाही, मग पकडणार कोणाला’ हा समज घातक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८५ मध्ये कंपनीच्या व्याख्येत व्यक्तींचा कोणताही समूह येतो, आणि कारभार पाहणारा प्रत्येकजण जबाबदार धरला जाऊ शकतो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे दाखवलं तर सुटका आहे. ते दाखवायला कागद लागतो. कोणाकडे कोणता पासवर्ड, तक्रारी कोण पाहतो, कोणती पोस्ट का काढली, याची साधी वहीसुद्धा चालेल.

संस्था नोंदवायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ माणसं लागतात. चौघांना आणखी तिघे शोधावे लागतील. पण त्याचा मोठा फायदा आहे. संस्थेविरुद्ध पदाधिकाऱ्याच्या नावाने दिवाणी दावा झाला आणि निकाल विरुद्ध गेला, तरी वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, त्या पदाधिकाऱ्याच्या घरादारातून नाही. फौजदारी गुन्ह्याला ही ढाल नाही.

गोव्यात हा मुद्दा जास्तच जवळचा आहे. इथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. एका जोडीदारावर बदनामीच्या नुकसानभरपाईचा हुकूम झाला, तर त्याचा भार त्या सामाईक मालमत्तेतल्या कोणत्या वाट्यावर येतो, हा प्रश्न उभा राहतो. विवाहित चालकाने तो इथल्याच वकिलाला विचारावा, आणि घरी सांगूनच सर्व्हर आपल्या नावावर घ्यावा.

कधी तरी सर्व्हर बंदही करावा लागतो. मुलं नोकरीला बेंगळुरूला जातात, वर्गणी आटते. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत असलेल्या सर्व्हरांनी त्यासाठी सभासदांना ३ महिने आधी सूचना द्यावी लागते, आणि आणीबाणीत हात घालू शकेल असा किमान एक दुसरा माणूस नेमलेला असावा लागतो. यादीत नसलात तरी हे पाळा, म्हणजे सभासदांना आपली खाती दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतात. मग यंत्र बंद करण्याआधी नोंदणीची माहिती आणि काढलेल्या मजकुराच्या नोंदी एका कुलूपबंद डिस्कवर घ्या, ती १८० दिवस कोणाकडे राहणार ते लिहून ठेवा, तक्रारीचा ईमेल तेवढे दिवस चालू ठेवा, आणि मुदत संपली, कुठला तपास बाकी नसला, की डिस्क पुसून टाका.